बुरशीचं पोट बाहेर असतं

वाळवा, पलूस, कराड या ऊसपट्ट्यात हुमणी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. जुलै-ऑगस्टात उसाची बेटं पिवळी पडत जातात. एखादं धरून ओढलं तर मुळांशिवाय अलगद हातात येतं आणि खालची माती उकरली की अर्धगोल वळलेली, पांढरी, गलेलठ्ठ अळी निघते. कधीतरी त्याच मातीत दुसऱ्या तऱ्हेची अळी सापडते. तीही हुमणीच, पण मेलेली आणि कडक झालेली. अंगावर आधी पांढरी जाळी चढलेली असते आणि त्या जाळीवर गडद हिरवी पूड. बोट लावलं तर पूड बोटाला लागते. ही मेटारायझियम नावाच्या बुरशीने मारलेली अळी. कृषी सेवा केंद्रात याच बुरशीची पाकिटं मिळतात, शेणखतात मिसळून सरीत टाकायला. कल्पना नवी नाही. १८७९ साली ओडेसामध्ये इल्या मेचनिकॉफ यांनी गव्हावरच्या भुंगेऱ्यांवर हीच बुरशी वापरून पाहिली होती. पुढे १९०८ साली त्यांना नोबेल मिळालं, पण ते पांढऱ्या पेशी जंतू कशा गिळतात यावरच्या कामासाठी.

मला यातली खरी गंमत वाटते ती बुरशीच्या आत शिरण्याच्या पद्धतीत. अळीने तिला खावं लागत नाही. बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतो, तिथेच रुजतो आणि कातडी भेदून आत जातो. किड्याची कातडी म्हणजे कायटिनचे धागे आणि त्यांच्याभोवती गच्च बसलेलं प्रथिन. बुरशी थोडा जोर लावते हे खरं, पण मुख्य काम रसायनाचं. आधी ती प्रथिन तोडणारं एन्झाइम सोडते, त्याने वाट मोकळी झाली की कायटिन तोडणारं. यातलं पहिलं, प्रथिन तोडणारं, म्हणजे प्रोटीएज. चीज, बिस्किट, सोया सॉस, पाचक औषधं आणि मिरजेतल्या डीएनए तपासणीच्या लॅबपर्यंत हीच जात पसरलेली आहे.

आपण आधी गिळतो आणि मग पचवतो. बुरशी उलटं करते. तिला तोंड नाही, पेशीभोवती टणक भिंत आहे आणि प्रथिनाचा अख्खा रेणू त्या भिंतीतून आत जाण्याइतका लहान नसतो. मग ती पाचक रस बाहेर टाकते, समोरचं अन्न तिथेच विरघळवते आणि तयार झालेले बारीक तुकडे शोषून घेते. ओल्या पावावरची, पावसाळ्यात चपलेवर येणारी, सडक्या लाकडावरची बुरशी, सगळ्यांचा धंदा हाच. उद्योगाच्या दृष्टीने ही सोय फार मोठी. वासराच्या जठरातलं किंवा डुकराच्या स्वादुपिंडातलं एन्झाइम हवं तर जनावर कापावं लागतं. बुरशीचं एन्झाइम तिने आपणहून बाहेर टाकलेलं असतं, ते फक्त धुऊन गोळा करायचं.

आता हे तोडणं म्हणजे नेमकं काय, ते पाहू. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. अमिनो आम्लं वीस प्रकारची. केसातलं केराटिन, दुधातलं केसीन, कणकेतलं ग्लुटेन, सगळं त्याच विसांतून, फक्त क्रम वेगळा आणि घड्या वेगळ्या. प्रथिनाला ऊस म्हटलं तर अमिनो आम्ल हे एकेक कांडं आणि प्रोटीएज हा कोयता, दोन कांड्यांमधल्या सांध्यावरच चालणारा. काही कोयते मध्येच घाव घालून उसाची टिपरी पाडतात. काही वाढ्याकडून नाहीतर बुडख्याकडून एकेक कांडं सुटं करत जातात. प्रत्येक कोयत्याची आवडही ठरलेली असते. एखादा ठरावीक कांड्याशेजारीच चालतो, एखादा दिसेल तिथे. आणि ऊस घट्ट मोळी बांधून ठेवलेला असेल, म्हणजे प्रथिनाची घडी पक्की असेल, तर चांगल्या कोयत्यालाही सांधा सापडत नाही. तापवलं की घडी उलगडते. शिजवलेली डाळ कच्च्या डाळीपेक्षा सहज पचते त्यामागे हेही एक कारण आहे.

एखादी बुरशी प्रोटीएज सोडते का, हे पाहायची रीत इतकी साधी आहे की सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही जमते. अगार नावाच्या जेलीत स्किम मिल्क घालून बशीत ओततात. थिजल्यावर बशी दुधाळ पांढरी दिसते. मधोमध बुरशीचा ठिपका ठेवतात आणि दोन-तीन दिवस तिशीच्या आसपास तापमानात राहू देतात. बुरशी वाढत जाते आणि तिच्याभोवती एक पारदर्शक कडं उमटतं. बशी छापील कागदावर धरली तर कड्यातून खालची अक्षरं वाचता येतात, बाहेरच्या भागातून नाही. तिथलं केसीन तुटून विरघळलेलं असतं. कडं बुरशीच्या कडेपेक्षा बरंच बाहेर पसरलेलं दिसतं. म्हणजे रस पुढे गेला, बुरशी मागून येतेय.

पण मोठं कडं म्हणजे चांगलं एन्झाइम, हा हिशेब उद्योगात चालत नाही. तिथे जोरदार तोडणारं एन्झाइम क्वचितच लागतं. लागतं ते हवं तेवढंच तोडून थांबणारं. चीजच्या गोष्टीत हे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

दुधात केसीनचे बारीक गोळे तरंगत असतात. त्यांच्या बाहेरच्या बाजूला कॅप्पा-केसीन नावाच्या प्रथिनाची टोकं निघालेली असतात. या टोकांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे गोळे एकमेकांना दूर ढकलतात आणि दूध पातळ राहतं. कॅप्पा-केसीन १६९ अमिनो आम्लांचं आहे. त्यातला १०५ आणि १०६ यांच्यामधला फक्त एक सांधा तोडला की टोक गळून पडतं, गोळे कॅल्शियमच्या मदतीने एकमेकांना चिकटतात आणि दुधाचं दही नव्हे, तर घट्ट, सुरीने कापता येईल अशी जेली होते. पनीरचं तंत्र वेगळं. तिथे लिंबू किंवा व्हिनेगर गरम दुधात घालून विद्युतभार मारतात, सांधा कुणी तोडत नाही. म्हणून पनीर कढईत परतलं तरी वितळत नाही आणि पिझ्झ्यावरचं चीज ताणलं जातं.

हा एक सांधा तोडणारं मूळ एन्झाइम म्हणजे दूध पिणाऱ्या वासराच्या जठरातलं कायमोसिन. युरोपात शतकानुशतकं तेच वापरलं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चीजचा खप वाढला, कापल्या जाणाऱ्या वासरांची संख्या पुरेना, आणि शोध बुरशीकडे वळला. जपानमध्ये १९६०च्या दशकात केई अरिमा यांच्या गटाने मातीतून म्यूकर पुसिलस नावाची बुरशी शोधली. तिची बहीण रायझोम्यूकर मीहाय पुढे बाजारात जास्त चालली. तिसरी क्रायफोनेक्ट्रिया पॅरासिटिका. हिचं चरित्र वाईट आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली चेस्टनटची जंगलंच्या जंगलं हिने संपवली. तिचंही एन्झाइम चीज करायला वापरतात.

वासरू वाचलं, पण अडचण निघालीच. बुरशीचं एन्झाइम १०५-१०६चा सांधा तोडून थांबत नाही. चीज महिनोन्महिने मुरत पडलेलं असताना ते इकडचे तिकडचे सांधे तोडत राहतं आणि चव कडू होते. शिवाय रायझोम्यूकरचं मूळ एन्झाइम इतकं चिवट की तापवूनही पुरतं मरत नसे. चीज करताना वेगळी होणारी निवळी सुकवून पुढे दुसऱ्या पदार्थांत जाते, तिथेही हे जिवंत एन्झाइम उपद्रव करी. मग कारखानदारांनी त्याचं ऑक्सिडीकरण करून ते मुद्दाम दुबळं केलं, म्हणजे पाश्चरीकरणात निमूट मरेल. चांगला चिवट कोयता मिळाल्यावर त्याची धार बेताची करून घ्यावी लागते, असा हा धंदा.

यापुढची पायरी म्हणजे वासराच्या कायमोसिनचा जीन सूक्ष्मजीवात बसवणं. १९९० साली अमेरिकेत जीवाणूकडून बनवलेल्या कायमोसिनला मंजुरी मिळाली. त्यानंतर अ‍ॅस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीकडूनही ते करून घेतलं जाऊ लागलं. इथे एन्झाइम वासराचं, कारखाना बुरशीचा. आपल्याकडे चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर आतलं एन्झाइम जनावराच्या जठरातलं नसतं, या दोन वाटांपैकी एखाद्या वाटेने आलेलं असतं.

कडूपणाचा मुद्दा सोया सॉसमध्ये परत येतो. जपानी पद्धतीत वाफवलेलं सोयाबीन आणि भाजून भरडलेला गहू एकत्र करून त्यावर अ‍ॅस्परजिलस ओरायझी ही बुरशी वाढवतात. दोनेक दिवसांत दाणे पिवळट-हिरव्या लवीने भरतात. त्याला कोजी म्हणतात. कोजी मिठाच्या दाट पाण्यात टाकलं की बुरशी मरते, पण तिने सोडलेली एन्झाइमं मागे राहतात आणि महिनोन्महिने सोयाबीनचं प्रथिन तोडत बसतात. प्रथिनाचे मधल्या आकाराचे तुकडे जिभेला कडू लागतात. एकेक कांडं सुटं करणारी एन्झाइमं त्यांचे आणखी तुकडे करतात, ग्लुटामिक आम्ल मोकळं होतं आणि सॉसला ती भरीव, तोंडाला पाणी आणणारी चव येते. ओरायझीच्या जनुकसंचाचा आराखडा २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांची शंभराहून जास्त जनुकं निघाली. म्हणजे एकाच बुरशीकडे दोन्ही तऱ्हेचे कोयते, आणि तेही ढिगाने. २००६ साली जपानच्या मद्यनिर्मिती संस्थेने तिला राष्ट्रीय बुरशीचा मान दिला. चायनीजच्या गाड्यावरच्या स्वस्त सॉसला एवढं मुरायची फुरसत नसते. सोयाबीनचं प्रथिन आम्लात उकळून तोडायची एक झटपट पद्धत आहे, ती काही दिवसांत उरकते.

एक सावधगिरी सांगायला हवी. ओरायझीची सगळ्यात जवळची नातलग आहे अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस, म्हणजे नीट न वाळवलेल्या शेंगांवर येणारी आणि अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष करणारी बुरशी. ओरायझीमध्ये त्या विषाची जनुकं निकामी झालेली आहेत. डोळ्यांना मात्र दोघी सारख्याच पिवळट-हिरव्या. घरातल्या शेंगदाण्यावरची बुरशी घेऊन सोया सॉस करून पाहू, असा उत्साह कुणी करू नये. बियाणं खात्रीचंच हवं.

याच ओरायझीमुळे एक जपानी माणूस अमेरिकेत श्रीमंत झाला. जोकिची ताकामिने यांनी गव्हाच्या कोंड्यावर ही बुरशी वाढवून तिचा अर्क काढायची रीत बसवली आणि १८९४ साली अमेरिकेत पेटंट घेतलं. औषध पोट जड झाल्यावर घ्यायचं. सांगलीत कुठल्याही मेडिकलमध्ये पाचक सिरपची बाटली उलटून पाहा, घटकांत ‘फंगल डायस्टेज’ लिहिलेलं दिसेल. ते त्याच घराण्यातलं. फक्त हे लक्षात ठेवा की डायस्टेज पिष्ट तोडतं, प्रथिन नाही. प्रथिनासाठी त्याच बाटलीत बहुधा पेप्सिन असतं आणि पेप्सिन साधारणपणे डुकराच्या जठरातून काढतात. शाकाहाराबद्दल काटेकोर असणाऱ्या घरांत हे किती जणांना ठाऊक असेल, याची मला शंका आहे. बुरशीचं प्रोटीएज घातलेली पाचकंही मिळतात.

बेकरीतलं काम त्या मानाने सोपं. बिस्किटाचं पीठ लाटून साच्याने कापलं की ग्लुटेनमुळे ते आखडतं, गोल बिस्किट लांबट होतं. ओरायझीचं थोडं प्रोटीएज ग्लुटेनची ताण ढिली करतं. भट्टीत गेलं की एन्झाइम मरतं, म्हणून जास्त काम होत नाही. प्रमाण चुकलं तर मात्र पीठ पातळ होऊन हाताला चिकटतं. कपडे धुण्याच्या पावडरीत जे प्रोटीएज असतं ते बुरशीचं असेल असं वाटतं, पण ते बहुतेक बॅसिलस जीवाणूंचं. पावडरीचं पाणी अल्कलीयुक्त, आणि नायजरसारख्या बुरशींची एन्झाइमं रमतात ती आंबट पाण्यात. कातडी कमावण्याच्या धंद्यात प्रोटीएजने कातडं मऊ करतात. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत युरोपात त्यासाठी कुत्र्याची विष्ठा आणि कबुतराची शीट वापरत. १९०७च्या सुमारास ऑटो रोम यांनी त्यातलं खरं काम एन्झाइमांचं आहे हे ओळखून जनावरांच्या स्वादुपिंडाचा अर्क आणला आणि कामगारांची त्या घाणीतून सुटका केली.

तासगाव-पलूसच्या वाचकांसाठी वाईनचं उदाहरण मुद्दाम देतो. पांढरी वाईन बाटलीत ठेवल्यावर कधीकधी गढूळ होते. कारण द्राक्षातलीच काही प्रथिनं, जी उष्णतेने उलगडून एकमेकांत गुंततात. ही प्रथिनं म्हणजे द्राक्षाने बुरशीविरुद्ध तयार केलेली हत्यारं. त्यातली काही तर बुरशीच्या भिंतीतलं कायटिन तोडणारी एन्झाइमं आहेत. सहसा ती बेंटोनाइट या मातीने खाली बसवतात आणि तिच्याबरोबर थोडी वाईन आणि थोडा स्वादही गाळात जातो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दुसरी वाट काढली. अ‍ॅस्परजिलसचं आम्लात चालणारं प्रोटीएज रसात घालून रस मिनिटभर ७५ अंशांपर्यंत तापवला. उष्णतेने घडी उघडली आणि एन्झाइमला सांधे सापडले. नुसतं एन्झाइम घालून, न तापवता, विशेष काही होत नव्हतं. डावणी-भुरीवर सगळा हंगाम औषधं मारणाऱ्या बागायतदाराच्या द्राक्षातली बुरशीविरोधी हत्यारं शेवटी बुरशीच्याच कोयत्याने मोडायची, हे मला भलतंच आवडलेलं प्रकरण.

आपल्याच अंगावर हे कोयते चालतात तेव्हा त्याला गजकर्ण म्हणतात. ट्रायकोफायटन गटातल्या बुरशी त्वचेच्या वरच्या थरातलं केराटिन खातात. केराटिनच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना बांधलेल्या असतात, त्यामुळे साधं प्रोटीएज तिथे हतबल होतं. ट्रायकोफायटन आधी सल्फाइट सोडून ते बंध तोडते आणि मग प्रोटीएज कामाला लावते. मेडिकलमधून डॉक्टरला न विचारता आणलेल्या मिश्र मलमांत स्टेरॉइड असलं तर खाज थांबते, पण त्वचेची प्रतिकारशक्ती दबते आणि खालून बुरशी निवांत पसरते. केराटिनसुद्धा तोडू शकणारं आणखी एक बुरशीचं प्रोटीएज १९७४ साली सापडलं, प्रोटीनेज के. ते साबणासारख्या रसायनातही चालतं आणि पन्नास-साठ अंश तापमानही सोसतं. रक्ताच्या किंवा थुंकीच्या नमुन्यातून डीएनए काढताना आसपासची सगळी प्रथिनं, त्यात डीएनए कुरतडणारी एन्झाइमंही, ते साफ करतं. इथे मात्र बेधडक तोडणाराच हवा असतो, कारण वाचवायचं ते प्रथिन नसतंच.

शेतात परत येऊ. आटपाडी-जतच्या डाळिंबात मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी हा मोठा ताप. तिच्या अंड्यांचं कवच प्रथिन आणि कायटिनचं. पॅसिलोमायसिस म्हणून विकली जाणारी बुरशी, शास्त्रज्ञ आता तिला पर्प्युरिओसिलियम म्हणतात, हे कवच फोडून अंडी खाते. मेटारायझियम हुमणीची कातडी फोडते तेच तंत्र. मग जास्त प्रोटीएज सोडणारी बुरशी जास्त चांगली का? अमेरिकेत रेमंड सेंट लेजर यांच्या गटाने हे करून पाहिलं. मेटारायझियममध्ये त्याच एन्झाइमच्या जनुकाच्या जादा प्रती घातल्या आणि ते अळीच्या रक्तातही सुटेल अशी तजवीज केली. १९९६ साली निष्कर्ष छापून आले. अळ्या २५ टक्के लवकर मेल्या आणि त्यांनी ४० टक्के कमी खाल्लं. पण मेलेल्या अळ्या काळ्याठिक्कर पडल्या आणि त्यांच्यावर बुरशीचे बीजाणू नीट धरेनात. म्हणजे त्या अळ्यांवरून बुरशी पुढे पसरायची सोय उरली नाही.

एन्झाइम बनवायला लागणारा माल आपल्या सांगली-सातारा या दोन्ही जिल्ह्यांत पडून आहे: गव्हाचा कोंडा, सोयाबीनची पेंड, उसाची चिपाडं. ओलसर कोंडा-पेंड वाफवून निर्जंतुक करायची, थंड झाल्यावर बीजाणू शिंपडायचे आणि ट्रेमध्ये पातळ थर देऊन ठेवायचा. पेंड मुद्दाम, कारण समोर प्रथिन असलं तरच बुरशी प्रोटीएज सोडते. साखर किंवा अमोनियासारखं आयतं खाद्य मिळालं तर ती हात आखडता घेते. वाढताना बुरशी स्वतः ऊब टाकते. थर जाड झाला तर मधला भाग इतका तापतो की बुरशी आपल्याच उष्णतेने मरते, म्हणून थर फिरवत, वारा देत राहावं लागतं. दोन-चार दिवसांनी सगळं पाण्यात भिजवून पिळलं की एन्झाइमचं पाणी हाती येतं. इथपर्यंत कॉलेजच्या प्रयोगशाळेतही पोचता येतं. खर्च सुरू होतो तो नंतर: ते पाणी गाळणं, आटवणं, दर खेपेला तोडण्याची ताकद सारखी ठेवणं आणि थंडाव्यात साठवणं.

कोरडी पूड हा आणखी एक धोका. एन्झाइमची धूळ श्वासातून गेली की अ‍ॅलर्जी आणि दमा होऊ शकतो. १९६०च्या दशकाच्या अखेरीस युरोपातल्या धुण्याच्या पावडरीच्या कारखान्यांत कामगारांना हा त्रास मोठ्या प्रमाणावर झाला. तेव्हापासून एन्झाइम आवरण चढवलेल्या दाण्यांच्या किंवा द्रवाच्या रूपात विकायची पद्धत आली. बेकरीत मात्र अजूनही पिठात पूडच मिसळली जाते. तिथे काम करणाऱ्याला सकाळपाळीत शिंका, छातीत घरघर असा त्रास रोज होत असेल आणि सुट्टीच्या दिवशी बरं वाटत असेल, तर डॉक्टरांना ‘मी पिठात काम करतो’ एवढंच सांगून थांबू नये. पिठात एन्झाइमची पूडही असते, हेही सांगावं.